चौदा पोरांची बारी

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना कसं गुंतवावं आणि आपली कामं कशी उरकावीत, हे शिकवणारा एक व्हिडिओ मी एप्रिलच्या शेवटी पाहिला. त्यातली हसरी बाई कुठल्या गावची होती कोण जाणे, पण तिच्या तक्त्यात 'अकरा ते एक : अंगणात मैदानी खेळ' असं लिहिलं होतं. आमच्या तुमसरला मे महिन्यात त्या वेळी कुत्रंसुद्धा नालीतून उठत नाही. तरी मी तो तक्ता उतरवून घेतला, वेळा बदलल्या, चार रंगांच्या पेनांनी रेघा मारल्या आणि फ्रिजवर चिकटवला. मी सरकारी कचेरीत कारकून आहे. कागदावर रकाने पाडले की अर्धं काम झालं, असा आमच्या खात्याचा विश्वास आहे आणि तो माझ्यातही चांगलाच मुरला आहे.

तक्त्याची गरज होती, कारण मेच्या शेवटच्या रविवारी नागपूरला माझा विभागीय परीक्षेचा पेपर होता. तो पास झाल्याशिवाय आमच्याकडे कारकुनाला वर सरकता येत नाही, आणि संधी मिळतात तीन. दोन मी घालवून बसले होते. पहिल्या वेळी धाकट्याला कांजिण्या झाल्या होत्या. दुसऱ्या वेळी कोणालाही काहीही झालं नव्हतं, मी नुसतीच नापास झाले. आता तिसरी आणि शेवटची. ती गेली असती तर माझ्याकडून फाइलला नाडी बांधायला शिकलेली पोरं माझे साहेब झाली असती, आणि माझा स्वभाव बघता ते त्यांच्याही तब्येतीला मानवलं नसतं. म्हणून मी तीन आठवड्यांची अर्जित रजा टाकली.

आणि कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. दुसऱ्यांदा नापास झाले तेव्हा समोरच्या वहिनी झाकलेल्या डब्यात पिठलं-भाकर घेऊन आल्या होत्या. आमच्याकडे मयत झालेल्या घरी नेतात, तशी. पाच मिनिटं बसल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि गेल्या. त्या दिवशी मी ठरवलं, पुन्हा परीक्षा दिली तर गल्लीला पत्ता लागू द्यायचा नाही. या वेळी सगळ्यांना सांगितलं, ऑफिसनं घरून करायला काम दिलं आहे. माझ्या दोन्ही मुलांना खरं माहीत होतं, पण त्यांना मी दम भरून ठेवला होता.

नवरा गोसीखुर्दकडे कालव्याच्या कामावर असतो. शनिवारी संध्याकाळी येतो, सोमवारी पहाटे जातो. म्हणजे मधले दिवस मी, दहा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा, दोन खोल्या आणि एक कूलर. कूलर एकच असलेल्या घरात अभ्यास, जेवण, झोप, भांडण सगळं कूलरसमोर चालतं. दुसऱ्या खोलीत फक्त पापड सुकवता येतात.

तक्ता तीन दिवस टिकला. टिकला म्हणजे फ्रिजवर टिकला. मुलगी माझ्यावर गेली आहे, तिनं तो नीट वाचला.

"आई, याच्यात भांडणाले टाइम नाही."

"भांडायचंच नाही मुळी."

"पण भांडण तं होतेच ना. मग ते कोणत्या टायमात धरायचं?"

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर लाल पेनानं एक नवा रकाना पाडलेला होता : 'पाच ते सव्वापाच, भांडण'. पाच वाजेपर्यंत मात्र दोघांना थांबवत नसे. आधी भांडून घेत आणि पाच वाजता त्या वेळेत खेळत. तीन दिवसांत मी रजा नियमांच्या चार पानांपुढे सरकले नाही. अर्धपगारी रजा, असाधारण रजा, विशेष नैमित्तिक रजा... सरकारनं माणसाला किती परीनं मोकळं सोडायची सोय केली आहे ते मी पाठ करत होते, आणि मला नहाणीघरातसुद्धा कोणी एकटं सोडत नव्हतं. दारावर थाप पडायची. "आई, हा माया अंगाले अंग लावून राहिला."

चौथ्या दिवशी कोपऱ्यावरच्या मावशींकडे सरगुंडे होते. सरगुंडे म्हणजे रव्याच्या कणकेची बारीक दोरी वळायची, ती काडीभोवती गुंडाळायची, काडी अलगद ओढून घ्यायची आणि ती पोकळ गुंडाळी वाळवायची. वर्षभर पुरतात. आमरसासोबत काय लागतात ते खाल्ल्याशिवाय कळत नाही. हे एकटीदुकटीचं काम नाही, म्हणून आमच्या गल्लीत बारी असते. आज सगळ्या जणी एकीकडे, उद्या दुसरीकडे. जिच्याकडे बारी, तिनं कणीक भिजवायची आणि चहा द्यायचा. ज्यांनी तुमच्याकडे हात लावले, त्यांच्याकडे तुम्ही जायचंच. आदल्या वर्षी सगळ्या माझ्याकडे येऊन गेल्या होत्या, तेव्हा पेपर असो की काही असो, मला जाणं भाग होतं.

पहाटे साडेपाचला मावशींच्या ओसरीवर आम्ही सहा जणी बसून सरगुंडे वळत होतो आणि प्रत्येकीची पोरं प्रत्येकीच्या पाठीवर लोंबत होती. कोणाला पाणी, कोणाला शी, कोणाला कणकेचा साप करायचा. अशात मला सुचलं. सरगुंड्यांची बारी लागते, तर पोरांची का नाही? सहा घरं, बारा पोरं. रोज एका घरानं सगळी ठेवून घ्यायची, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. रविवारी सुट्टी. म्हणजे सहा दिवसांतले पाच दिवस प्रत्येक बाई मोकळी.

मी बोलून दाखवलं तर काड्या फिरायच्या थांबल्या. मग समोरच्या वहिनी म्हणाल्या, "ताई, इतके वर्स हे काहून नाही सांगितलं वो तुम्ही?"

मी घरी जाऊन लगेच परिपत्रक काढलं. पोरांना आठच्या ठोक्याला पोचवावं, पाचला न्यावं, जेवणाची जबाबदारी बारीवाल्या घराची राहील, आणि चौथ्या नियमात, कोणत्याही सबबीवर बारी बदलून मिळणार नाही. हा नियम मी समोरच्या वहिनींना डोळ्यांसमोर ठेवून घातला होता. त्यांचं धान्याच्या व्यापाऱ्याचं मोठं घर, पाहुण्यांचा राबता, ऐन वेळी त्या अंग काढून घेतील असं मला वाटलं. क्रम लावताना स्वतःचं घर मी सगळ्यात शेवटी ठेवलं. विनय म्हणून, असं सांगितलं.

पुढचे दिवस म्हणजे काय सांगू! घर इतकं शांत की कूलरच्या मोटरचा आवाज मला पहिल्यांदाच नीट ऐकू आला, आणि त्यात बिघाड आहे हेही कळलं. रजा नियम संपले. प्रवासभत्ता झाला. शिस्त व अपील नियमांना हात घातला. मुलं सकाळी धावतच जायची. मावशींकडे ती चिंचा फोडायची, वहिनींच्या गोदामात धानाच्या पोत्यांवर लपाछपी खेळायची. पाच वाजता मी ओढणी डोक्याला गुंडाळून आणायला जायचे. मुलगी मैत्रिणींसोबत मागे रेंगाळायची. धाकटा मात्र फाटकाशी उभाच असायचा. चिंचेनं चिकट झालेला हात माझ्या हातात द्यायचा आणि घरापर्यंतच्या वीस-पंचवीस पावलांत दिवसभराचं सगळं सांगून टाकायचा. माझ्या डोक्यात अपील करण्याची मुदत घोळत असायची. मी "हो का? अस्सं का?" करत चालायचे.

सहाव्या दिवशी माझी बारी आली आणि आलीच नाही. सकाळी सात वाजता वहिनी दारात.

"ताई, आज पोरं माझ्याकडेच राहू द्या. माझ्या बहिणीचे दोघं नागपूरहून आले, त्यांना तेवढीच सोबत."

चौथ्या नियमाचा हा उघड भंग होता, पण तक्रार करायची तर मला करायची होती, आणि मी कशाला करते? पुढच्या फेरीत मावशींनी ठेवून घेतलं. "माया घरी आंबे पिकून राहिले, खाऊ दे पोराइले." माझी बारी अशी पुढे पुढे जात राहिली. मी फोनवर नवऱ्याला सांगितलं, बायकांना शिस्त नाही, पण मूळ योजना पक्की असली की असे धक्के ती पचवते. तो फक्त "बरं" म्हणाला. लग्नाला बारा वर्षं झाली आहेत, त्याला माझ्या योजनांची सवय आहे.

पेपरच्या आदल्या गुरुवारी मावशींनी मला हाक मारून सांगितलं, "बाई, शनिवारी तुयाकडे पोराइची बारी. एक दिवस करून टाक अन् मोकळी होय. मंग तुले कोणी तरास देत नाही."

शनिवारी! रविवारी अकराला नागपुरात पेपर. अपील नियम अर्धे बाकी, सगळ्याची उजळणी बाकी, आणि घरात वहिनींच्या बहिणीची दोन धरून चौदा पोरं. एक शब्द बोलले असते तर सुटले असते. "मावशी, दुसऱ्या दिवशी माझा पेपर आहे." बस. पण त्या शब्दासोबत झाकलेल्या डब्यातलं पिठलं डोळ्यांपुढे आलं. ताप आल्याचं सांगावं म्हटलं, तर आमच्या गल्लीत ताप म्हटलं की तीन बायका पलंगावर येऊन बसतात. शिवाय चौथा नियम माझाच. मी म्हटलं, "हो मावशी, पाठवा."

शनिवारी आठ वाजता बारा जण आत आले, माझी दोन धरून चौदा. मी चित्रकलेचे कागद वाटले आणि स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याला टेकवून पुस्तक उघडलं. सव्वाआठला चित्रं संपली. नऊपर्यंत कूलरची बस झाली, तिच्यात ड्रायव्हर चौघे आणि कंडक्टर सहा. दहाला कूलरच्या टाकीत एक चप्पल सापडली. कोणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही. चौदांना पुरेल एवढी खिचडी मी एका हातानं ढवळत होते. दुसऱ्या हातात शास्तींचे, म्हणजे शिक्षांचे, प्रकार होते, किरकोळ आणि जबर, आणि त्यातली प्रत्येक शास्ती कोणाला द्यायची तेही मला समोर दिसत होतं.

जेवणं झाल्यावर कूलरसमोर दोन रांगांत सतरंज्या टाकल्या. पुढच्या रांगेसाठी मारामारी जुंपली, तेव्हा मुलगी घड्याळ घेऊन उभी राहिली आणि दर दहा मिनिटांनी रांग बदलायची असं तिनं जाहीर केलं. मला तिचा अभिमान वाटला. पहिली रांग बदलली, डोळे मिटायला लागले, मी अलगद स्वयंपाकघरात गेले, पुस्तक उघडलं, आणि लाईन गेली.

कूलर घरघरत थांबला. चौदा डोकी एकदम उठून बसली.

"सगळे चूप राहा," मी ओरडले, "मी पाच मिनिटांत आले!" मागच्या दारी टाकीवरून बादलीभर पाणी घेतलं, दाराखिडक्यांवर टांगायला चादरी भिजवल्या आणि आत आले. खोलीत चांगलीच हवा सुटली होती. चौदाही जण हातात एकेक कागद घेऊन जोरजोरात वारा घेत होते. कागद माझे होते. तीन आठवडे बसून काढलेल्या टिपणांची फाइल माझ्या मुलानं फोडली होती आणि प्रत्येकाला एकेक पान सारखं वाटून दिलं होतं. वहिनींच्या भाच्यानं तर प्रवासभत्त्याची सुरेख पट्ट्यापट्ट्यांची घडी घातली होती.

माझ्या हातातून चादर पडली. त्यानंतर मी जे ओरडले ते गावाबाहेरच्या राइस मिलपर्यंत गेलं असेल.

"ठेवा ते खाली! अक्कल आहे का कोणाला? उद्या माझा पेपर आहे! उद्या!"

मागच्या रांगेतून एक पोरगी हळूच म्हणाली, "उद्या? पण काकू, तुमचा पेपर तं जूनमदे आहे ना."

"कोण म्हणालं?"

"आमची आई. म्हणे काकूचा पेपर होयेपर्यंत त्यायच्याकडे जाऊन दंगा नाही करायचा."

"आमच्याबी घरी सांगतलं," दुसरा म्हणाला. "मी तं माया खिशात चॉकलेट पण घेतलं, का तुमचं डोकं खाऊ नये म्हणून."

मी मुलाकडे पाहिलं. तो सतरंजीच्या काठाकडे बघत होता. दटावल्यावर कळलं, बारीच्या पहिल्याच दिवशी मावशींनी विचारलं होतं, तुयी माय काय काम करते रे घरी, आणि यानं सांगून टाकलं होतं. तारीख त्याला ठाऊक नव्हती, म्हणून शाळा उघडायच्या वेळी, असं आपलं ठोकून दिलं. तेव्हापासून अख्खी गल्ली माझी बारी चुकवत होती. वहिनींच्या बहिणीची मुलं, मावशींचे आंबे, सगळे बहाणे. आणि जूनमध्ये मला पूर्ण मोकळीक मिळावी म्हणून माझा एकुलता एक दिवस त्यांनी आधीच, हिशेबानं, या शनिवारी उरकून टाकायचं ठरवलं होतं. आणि मी त्यांना शिस्त नाही म्हणत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात एक पोरगं सटकलं असणार, कारण दहा मिनिटांत मावशी आणि वहिनी दारात होत्या. दुपारी एक वाजता, ज्या वेळी आमच्याकडे कोणी कोणाच्या घरी जात नाही. वहिनींचा चेहरा लाल झाला होता. मावशींच्या एका पायात एकाची चप्पल आणि दुसऱ्या पायात दुसऱ्याची.

"अवं, उद्या आहे तं सांगाचं नाही?" मावशी दारातूनच. "लपवाचं कायले?"

मला रडू फुटलं. "पुन्हा नापास झाले तर मावशी?"

"तं झाली! म्या सातवीत दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा बसूच नाही देल्लं, लगन लावून देल्लं. तू बस ना बाई. तुले कोणी उठवून राहिलं का?"

वहिनी खाली बसून पोरांच्या हातातली पानं एकेक करून घेत होत्या, घड्या मांडीवर सपाट करत होत्या आणि आकडे बघून क्रम लावत होत्या. चौतीस नंबरच्या पानावर खिचडीचा डाग पडला होता. तो त्यांनी पदरानं टिपला. मग दोघींनी चौदाही पोरांच्या डोक्यावर ओली फडकी टाकली आणि त्या भर उन्हात घेऊन गेल्या, माझी दोन्ही धरून.

अशी कहाणी ऐकली की वाटतं, बाईनं मग दुपारभर घोकलं असेल. मी झोपले. लाईन आली, कूलर सुरू झाला आणि मी पाच वाजेपर्यंत मेल्यासारखी झोपले. उठून धावतपळत मुलांना आणलं. संध्याकाळी नवरा आला, दोघांना घेऊन बुद्धविहारात गेला, आणि मग मी बसले. दुसऱ्या दिवशी पेपर लिहिला. काय लिहिलं ते फारसं आठवत नाही.

थंडीत निकाल लागला. मी पास झाले, काठावर, पण पास. मावशींनी गल्लीत साखर वाटली. स्वतःच्या घरची. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा मुलगी नाचली. मुलगा मात्र कोपऱ्यात जाऊन बसला. विचारलं तर म्हणाला, "विहारात काही मागायचं नसते ना?"

"नसतं."

"मी मागतलं नव्हतं. नुस्तं सांगतलं होतं."

"काय सांगितलं होतंस?"

"का आई नापास झाली तं चालते आमाले."

मला राग यायला हवा होता. माझ्या स्वभावाप्रमाणे तो आलाही. "काहून रे?"

"पास झाली का तू सुट्टी नाही घेशीन. मंग उन्हाळ्यात रात होयेपर्यंत ऑफिसातच राहाशीन. तेव्हा तू रोज पाच वाजता मले घ्यायले येत होती ना."

मी त्याला जवळ ओढलं. त्या उन्हाळ्यात रोज त्या वीस-पंचवीस पावलांत त्यानं मला काय काय सांगितलं होतं, ते मी आठवायला लागले. चिंचा सोडून एक गोष्ट आठवली नाही. त्या दिवशी मला पास झाल्याचं दुःखच जास्त झालं, आणि ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

यंदाच्या मे महिन्यात मी पुन्हा अर्जित रजा मागितली. साहेब म्हणाले, आता कुठला पेपर? मी म्हटलं, नाही, मुलांची बारी आहे. त्यांना काही कळलं नाही, पण आठ दिवस मिळाले. पहिल्या दिवशी मी पाचला दहा मिनिटं कमी असतानाच मावशींच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. आत पोरांचा डाव ऐन रंगात होता. बऱ्याच वेळानं माझा मुलगा धापा टाकत फाटकापर्यंत आला.

"आई, तू जाय," तो म्हणाला, "मी येतो मंग." आणि परत खेळायला पळाला.

मी गेले नाही. मावशींच्या ओसरीवर बसून राहिले.